गोळी मुदत वाढवून देते, कर्ज माफ करत नाही

या पानावर सुताचे भाव, जीएसटीचे नियम आणि बँकांच्या कर्जांची चर्चा होत असते. आज आम्ही एका आजाराच्या औषधांविषयी लिहीत आहोत. धंद्याच्या पानावर औषधांचे काय काम, असे कोणी विचारील. आमच्या दुकानाच्या हिशेबात या आजाराने जे भोक पाडले ते आजपर्यंत बुजलेले नाही, म्हणूनच लिहीत आहोत.

आजाराचे नाव अल्झायमर. मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होत जातात आणि माणूस आधी कालचे, मग परवाचे आणि शेवटी स्वतःच्या घरच्यांचे नाव विसरतो. जर्मनीचे डॉक्टर आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली या आजाराचे पहिले वर्णन केले. आपल्या देशात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे शंभरातील सात जणांहून अधिक वृद्धांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत मांडला गेला. स्मृतिभ्रंशाची कारणे अनेक, पण त्यात सर्वांत मोठा वाटा अल्झायमरचा असतो.

अंधेरीच्या दुकानातील गोष्ट

आमचे कापडाचे दुकान अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला आहे. वालिद साहेबांच्या पश्चात थोरले बंधू, म्हणजे भाईजान, गल्ल्यावर बसत आणि आम्ही मंगलदास मार्केट आणि भिवंडीच्या फेऱ्या करत असू. भाईजानांना वही लागत नसे. कोणाची किती उधारी, कोणत्या तागाला कितीचा भाव, सारे तोंडपाठ.

२०१९ च्या पावसाळ्यात भिवंडीच्या एका यंत्रमागवाल्याचा फोन आला, “शेठ, एकाच बिलाचे पैसे दोनदा आले आहेत.” माणूस इमानदार होता, पैसे परत केले. आम्ही हसण्यावारी नेले. मग भाईजान पॅन्टपीस मोजताना मध्येच थांबू लागले, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. घरी भाभीजान म्हणाल्या, नमाजात रकातींची संख्या चुकते. आम्ही म्हणालो, “भाभीजान, वय झाले, आमचीही चुकते.” मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दुकान बंद झाले. दुकान बंद म्हणजे चुकाही बंद. शटर पुन्हा उघडले तेव्हा, ज्या रस्त्याने चाळीस वर्षे ये-जा केली त्या रस्त्यावर स्टेशनपासून दुकानापर्यंत येताना भाईजान चुकले. एका रिक्षावाल्याने त्यांना जोगेश्वरीच्या घरी आणून सोडले. पहिल्या चुकीपासून डॉक्टरांच्या दारापर्यंत पोहोचायला आम्हाला दीड वर्ष लागले.

आधी तपासणी, मग गोळी

डॉक्टरांनी लगेच गोळी लिहिली नाही. आधी रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूचा स्कॅन करायला सांगितले. त्याचे कारण असे की विसरणारा प्रत्येक माणूस अल्झायमरचा रोगी नसतो. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉइडची कमतरता, मनाची उदासी, पडल्यानंतर कवटीच्या आत साचलेले रक्त, यांनीही माणूस विसरू लागतो आणि त्यांवर इलाज आहे. आमच्या ओळखीच्या एका जरदोजी कारागिराला घरच्यांनी “अब्बांचे डोके गेले” म्हणून कोपऱ्यात बसवले होते. तपासणीत बी-१२ फार कमी निघाले. इंजेक्शने घेतल्यावर काही महिन्यांत ते पुन्हा कारचोबावर बसले. म्हणून तपासणीचा खर्च वाचवू नये. अंधेरी-विलेपार्ल्याकडच्या लोकांना महापालिकेचे कूपर रुग्णालय आहे, घाटकोपर-विद्याविहारकडच्यांना राजावाडी. सुरुवात तेथून करता येते.

भाईजानांच्या बाबतीत मात्र निदान अल्झायमरचेच झाले आणि डोनेपेझिल नावाची गोळी सुरू झाली.

गोळी काय करते, काय करत नाही

मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात तेव्हा ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन हरकाऱ्याचे काम करते. अल्झायमरमध्ये हे हरकारे कमी पडतात. शरीरातील एक द्रव्य या हरकाऱ्यांना काम होताच मोडीत काढते. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलॅन्टामिन ही तीन औषधे त्या मोडीत काढणाऱ्याचा हात धरतात. उरलेले हरकारे थोडे जास्त वेळ टिकतात, निरोप थोडे बरे पोहोचतात. चौथे औषध मेमॅन्टिन. ते वेगळ्या मार्गाने काम करते आणि आजार मध्यम किंवा तीव्र झाल्यावर दिले जाते, कधी एकटे तर कधी डोनेपेझिलच्या जोडीने.

ही चारही औषधे आजार मुळापासून काढत नाहीत. मेलेली पेशी परत येत नाही. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर हुंडीची मुदत वाढवून मिळते, कर्ज माफ होत नाही. कोणाला काही महिने मिळतात, कोणाला वर्षभर किंवा थोडे अधिक, आणि काहींना काहीच फायदा होत नाही. हे आधीच समजून घेतले तर पुढे निराशा होत नाही आणि मिळालेली मुदत वायाही जात नाही.

डोनेपेझिल साधारणपणे ५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि चार-सहा आठवड्यांनी सोसले तर १० करतात. गोळी दिवसातून एकदा, बहुधा रात्री झोपताना. वाईट स्वप्ने पडू लागली तर डॉक्टर ती सकाळी घ्यायला सांगतात. मळमळ, जुलाब, भूक मंदावणे, वजन उतरणे हे त्रास होऊ शकतात. नाडी मंदावून चक्करही येऊ शकते, म्हणून हृदयाचा आजार असेल तर तो आधी सांगावा. मेमॅन्टिनने चक्कर, डोकेदुखी आणि बद्धकोष्ठता होते, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. रिव्हास्टिग्मिनची चामडीवर चिकटवायची पट्टीही मिळते. ती रोज बदलतात. नवी लावण्याआधी जुनी काढलीच पाहिजे, नाहीतर अंगात दुप्पट औषध जाते. ज्या रोगीला काल काय झाले ते आठवत नाही, त्याच्यावर हे काम सोपवू नये. रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटून वेळा ठरवून घ्याव्यात आणि अशा आजारी बुजुर्गांवर रोज्याचा आग्रह धरू नये. मजहबनेच त्यांना सवलत दिली आहे.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. सर्दी-खाज-झोपेच्या काही जुन्या गोळ्या आणि वारंवार लघवी लागते म्हणून दिलेल्या काही गोळ्या नेमके ॲसिटिलकोलिनचेच काम अडवतात. म्हणजे एक गोळी तागा या टोकाने ओढते आणि दुसरी त्या टोकाने. भाईजानांना सर्दीसाठी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून आणलेली गोळी आठवडाभर चालली होती आणि त्या आठवड्यात ते अगदी भांबावून गेले होते. तेव्हापासून घरातील सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आम्ही दर वेळी डॉक्टरांपुढे ठेवतो. तसेच रोगी रात्री ओरडतो म्हणून त्याला शांत करणारी मनोविकाराची कडक औषधे स्वतःहून देऊ नयेत. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये त्यांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने २००५ सालीच दिलेला आहे.

भाव आणि बाजार

आता व्यापाराच्या अंगाने पाहू. डोनेपेझिल शोधून काढले ते जपानच्या ऐसाय कंपनीतील हाचिरो सुगिमोतो यांच्या पथकाने. सुगिमोतो यांच्या आईला स्वतः स्मृतिभ्रंश झाला होता. १९९६ साली अमेरिकेत या गोळीला परवानगी मिळाली. त्याआधी १९९३ साली टॅक्रिन नावाचे औषध आले होते, पण ते यकृताला बाधत असे आणि पुढे बाजारातून गेले.

आपल्याकडे ही गोळी गरिबाच्या आवाक्यात राहिली त्याला कारण १९७० चा पेटंट कायदा. त्यात औषधावर मक्तेदारी मिळत नसे, फक्त ते बनवण्याच्या कृतीवर मिळत असे. २००५ पासून कायदा बदलला, तोवर इकडच्या कारखान्यांनी अशी कितीतरी औषधे स्वतःच्या कृतीने बनवायला घेतली होती. त्या कायद्यासाठी झटणाऱ्या देशी औषध उत्पादकांत मुंबईची सिप्ला कंपनी पुढे होती. ती १९३५ साली ख्वाजा अब्दुल हमीद यांनी स्थापन केली आणि त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी तिचे नाव जगभर नेले. तात्पर्य, डोनेपेझिल आणि मेमॅन्टिन आज अनेक देशी कंपन्या बनवतात आणि एकाच औषधाच्या भावात कंपनीनुसार बराच फरक असतो. कापड घेताना आपण दहा दुकाने फिरतो, मग औषध घेताना का लाजावे? डॉक्टरांना मूळ औषधाचे नाव लिहून द्यायला सांगावे आणि जवळच्या जनऔषधी केंद्रात विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तो फरक बिलात दिसतो की नाही हेही पाहावे.

दुसरीकडे, महागड्या नव्या इंजेक्शनांच्या बातम्या ऐकून घर विकायला निघू नये. मेंदूत साचणारे अमायलॉइड नावाचे द्रव्य काढणारे लेकानेमॅब हे इंजेक्शन २०२३ साली अमेरिकेत मंजूर झाले. तेथे त्याचा जाहीर भाव वर्षाला २६,५०० डॉलर, म्हणजे त्यावेळच्या हिशेबाने बावीस लाख रुपयांच्या आसपास होता. सुमारे १,८०० रुग्णांवरील चाचणीत १८ महिन्यांत आजाराची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. घसरण मंदावली, थांबली नाही. शिवाय ते फक्त आजाराच्या आरंभी चालते, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो आणि वारंवार एमआरआय करावा लागतो. २०२४ साली डोनानेमॅब हे त्याच जातीचे दुसरे इंजेक्शन अमेरिकेत मंजूर झाले. याच जातीचे पहिले इंजेक्शन, ॲड्युकॅनुमॅब, मोठा गाजावाजा करून २०२१ साली आले आणि २०२४ साली कंपनीनेच ते बंद केले.

तीच गोष्ट “याददाश्त” वाढवणाऱ्या टॉनिकांची. गिंको नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क स्मरणशक्तीसाठी जगभर विकला जातो. अमेरिकेत ३,०६९ वृद्धांवर अनेक वर्षे त्याची चाचणी झाली. तो घेतल्याने स्मृतिभ्रंश टळत नाही, असे २००८ साली जाहीर झाले. आम्हीही एका हकीमाकडे महिन्याला चार हजार रुपये मोजले होते. भाईजानांच्या गोळीला त्याच्या निम्मेही लागत नव्हते.

अमानत

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. आपल्या धंद्यात कारागीर आपली बचत शेठकडे ठेवतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मुलीच्या लग्नाचे, गावी घर बांधण्याचे पैसे. भाईजानांवर लोकांचा असा भरवसा होता की चिठ्ठीसुद्धा कोणी मागत नसे. लोखंडी कपाटात पाकिटे होती, पाकिटांवर रक्कम होती, नाव नव्हते. नावे भाईजानांच्या डोक्यात होती.

२०२१ च्या सुरुवातीला गोळी सुरू झाली आणि दोन-तीन महिन्यांत भाईजान थोडे सावरले. पूर्वीसारखे नव्हे, पण सकाळच्या वेळी डोके साफ असे. आम्ही रोज फजरनंतर तासभर त्यांच्यापाशी वही घेऊन बसू लागलो. एक-एक पाकीट हातात देत असू. कधी नाव लगेच येई, कधी चार दिवसांनी. “हा तो बटणकाजवाला, मालवणीचा. त्याच्या मुलीचे नाव सकिना.” अशा रीतीने नऊ पाकिटांपैकी आठ मालकांपर्यंत पोहोचली. एकजण वारला होता, त्याच्या बेवेकडे आम्ही स्वतः गेलो.

नववे पाकीट दीड लाखाचे होते. भाईजान म्हणत, “जरीवाला. लांब राहतो.” यापुढे गाडी जात नसे. याच सुमारास आमच्या पुतण्याने हिशेब मांडला की आठ महिने गोळी चालू आहे आणि अब्बा काही बरे होत नाहीत, उलट वजन उतरले आहे. त्याने कोणालाही न विचारता गोळी बंद केली. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. दीड महिन्यात भाईजान स्वतःच्या हाताने जेवेनासे झाले आणि आम्हाला वालिद समजून बोलू लागले. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, पुढे मेमॅन्टिनही जोडले. जेवण पुन्हा हाताने सुरू झाले. पण सकाळचा तो तास परत आला नाही.

गोळी चालू असती तर नाव आठवलेच असते, असे आम्ही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. आजार आपल्या चालीने चालतोच. पण ब्रिटनमध्ये मध्यम ते तीव्र आजाराच्या २९५ रुग्णांवर केलेली एक चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. ज्यांचे डोनेपेझिल बंद केले त्यांची स्मरणशक्ती आणि रोजची कामे, चालू ठेवलेल्यांपेक्षा जास्त ढासळली. पावसात गोदामावर ताडपत्री टाकतो तेव्हा माल कोरडाच दिसतो आणि वाटते, ताडपत्रीने काय केले? ती काढून पाहिल्यावर कळते. औषध सोसत नसेल, उपयोग होत नसेल, तर डॉक्टरही ते बंद करतात, पण पाहून आणि टप्प्याटप्प्याने. घरच्या माणसाने एका रात्रीत करण्याचे ते काम नव्हे.

मुदतीत काय करावे

गोळीने मिळालेली मुदत कागदपत्रांसाठी वापरावी. पुष्कळ व्यापारी समजतात की कुलमुखत्यारपत्र करून ठेवले की काम झाले. पण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, ते देणाऱ्याचे मन ठिकाणावर राहिले नाही की साधे मुखत्यारपत्र संपते, म्हणजे नेमके गरजेच्या वेळीच. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे एखाद्या भागीदाराचे मन असे बिघडले तर दुसरा भागीदार न्यायालयात पेढी मोडण्याची मागणी करू शकतो. म्हणून माणूस समजून-उमजून सही करू शकतो तोवरच, डॉक्टरांचा दाखला जोडून आणि वकिलाच्या सल्ल्याने, भागीदारीचा नवा करार आणि बँक खात्यावर दुसरी सही ही कामे उरकून घ्यावीत.

मोठी माणसेही यातून सुटलेली नाहीत. ज्यांच्या एका हाकेने मुंबई बंद होत असे, ज्यांनी १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना हरवले, ते जॉर्ज फर्नांडिस अल्झायमरने आजारी पडले आणि २०१० साली त्यांची देखभाल कोणी करावी यावरून त्यांच्या जवळच्या माणसांचा वाद न्यायालयात गेला. २०१९ साली ते वारले. त्यांना काय हवे होते ते सांगायला त्यांच्याकडे तेव्हा शब्द उरले नव्हते.

घर एकट्याने चालत नसेल तर मदत मागावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा देशभराचा मोफत फोन आहे. अल्झायमर रुग्णांसाठी काम करणारी एआरडीएसआय ही संस्था १९९२ पासून आहे आणि ज्येष्ठांसाठी काम करणारी डिग्निटी फाउंडेशन १९९५ साली आपल्या मुंबईतच सुरू झाली.

भाईजान आता घरीच असतात. हातात रुमालाचे कापड दिले की घडी घालतात, उलगडतात, पुन्हा घालतात. घडी अजूनही सरळ पडते. नववे पाकीट आम्ही वेगळे ठेवले आहे आणि वहीत त्याची नोंद आहे: रक्कम दीड लाख, मालक जरीवाला, पत्ता नाही. वर्षाअखेरीस हिशेब मिळवताना ती ओळ दर वेळी पुढच्या वहीत उतरवावी लागते. ज्या बांधवांकडे दुसऱ्याची अमानत आहे त्यांनी आज दुकान बंद करण्याआधी पाकिटावर नाव लिहावे. आणि घरातील बुजुर्ग एकच बिल दोनदा चुकवू लागले तर दीड वर्ष थांबू नये.